मुद्रिकेचा धनी

एखाद्या वस्तूत अमर्याद सामर्थ्य साठविलेले आहे, आणि ती बाळगणाऱ्याचे मन मात्र हळूहळू नासत जाते. अशा वस्तूवर हुकमत कोणाची चालेल? प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे खरा. अद्भुतकथांची गोडी लागलेली मुले असले प्रश्न एकमेकांस घालीत असतात आणि वडीलधारी मंडळी ते कौतुकाने ऐकून सोडून देतात. परंतु ह्या प्रश्नाला इतिहास आहे. ऑक्सफर्डच्या एका भाषापंडिताने तो सव्वीस वर्षे मनात घोळविला, त्याचे उत्तर पुनःपुन्हा बदलले, आणि अखेरीस जे उत्तर दिले ते वाचून आम्ही तरी काही काळ स्वस्थ बसू शकलो नाही. त्या उत्तराची वाटचाल येथे सांगावयाची आहे.

प्रश्नाचे मूळ पाहू जाता थेट ग्रीसपर्यंत जावे लागते. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ह्या संवादग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाच्या पदरी एक मेंढपाळ होता. गायजिस नावाच्या प्रसिद्ध पुरुषाचा तो पूर्वज. भूकंप होऊन जमीन दुभंगली. त्या विवरात तो उतरला, तेव्हा त्याला काशाचा एक पोकळ घोडा आणि त्या घोड्याच्या पोटात माणसाहून मोठे असे एक प्रेत दिसले. प्रेताच्या हातातील सोन्याची अंगठी काढून घेऊन तो वर आला. पुढे त्याच्या ध्यानात आले की, अंगठीचे कोंदण तळहाताच्या बाजूस फिरविले म्हणजे आपण कोणाला दिसत नाही. मग त्याने काय करावे? राणीला वश केले, तिच्या साह्याने राजाला ठार मारले आणि सिंहासन बळकावले. ग्लॉकॉनचे म्हणणे असे की, अशी एक अंगठी सज्जनाला द्या आणि दुसरी दुर्जनाला द्या. दोघांची वाट अखेर एकच होईल. ह्या आक्षेपाचे निराकरण करण्यास सॉक्रेटिसाला दहाव्या भागापर्यंत बोलावे लागले. तेथे मात्र तो निःशंकपणे सांगतो की, गायजिसाची अंगठी बोटात असो वा नसो, आत्म्याने न्यायानेच वागले पाहिजे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्लेटोची अंगठी स्वतः निरुपद्रवी आहे. तिला इच्छा नाही, वासना नाही. ती केवळ पकडले जाण्याचे भय नाहीसे करते. त्यानंतर जे घडते ते सर्व माणसाचेच कर्तृत्व. ती दृष्ट असली तरी दुष्ट नव्हे. अंगठीतच दुष्टपणा वसत असेल तर काय, हा प्रश्न ग्लॉकॉनने विचारलाच नाही. तो विचारावयास मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली.

१८७६ साली बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नरच्या चार संगीतनाटकांची मालिका प्रथमच संपूर्ण रंगभूमीवर आली. तीतील ऱ्हाइन नदीच्या सोन्याची अंगठी जगाचे राज्य देते; पण ती घडविणाऱ्याला आधी प्रेमाचा त्याग करावा लागतो, आणि पुढे ती शापितही होते. आमच्या विषयाला हे बरेच जवळचे आहे. परंतु टोल्कीन ह्यांच्यापाशी ह्या मालिकेचे नाव काढलेले त्यांना रुचत नसे. दोन्ही अंगठ्या वाटोळ्या आहेत, एवढेच काय ते साम्य, अशा अर्थाचा फटकारा त्यांनी १९६१ साली एका पत्रात मारला आहे. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे असे आम्हांस वाटते. पण ग्रंथकाराचा राग मान्य करून पुढे जाऊ.

जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन (१८९२–१९७३) हे १९२५ पासून ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सन भाषेचे आणि १९४५ पासून १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व वाङ्मय ह्यांचे प्राध्यापक होते. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर त्यांनी सैन्यात अधिकारी म्हणून काम केले होते. २१ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांची 'द हॉबिट' ही मुलांसाठी लिहिलेली कथा प्रसिद्ध झाली. तीत बिल्बो नावाच्या एका ठेंगू, सुखवस्तू आणि घरकोंबड्या गृहस्थाला डोंगराखालच्या अंधाऱ्या भुयारात एक अंगठी सापडते. ती घातली की माणूस अदृश्य होतो. बस्स, एवढेच. आज ज्यांच्या हाती ह्या कथेची नवी आवृत्ती आहे त्यांना हे खरे वाटणार नाही, परंतु पहिल्या आवृत्तीत त्या भुयारातील गॉलम हा प्राणी कोड्यांच्या खेळात ती अंगठी स्वखुशीने बक्षीस म्हणून लावतो. खेळ हरल्यावर ती सापडत नाही म्हणून तो बिल्बोची परोपरीने क्षमा मागतो, बक्षिसाऐवजी त्याला बाहेरची वाट दाखवितो, आणि दोघे सभ्यपणे एकमेकांचा निरोप घेतात! ज्या अंगठीसाठी पुढे खून पडले, राज्ये बुडाली, ती १९३७ साली दान करण्याजोगी वस्तू होती. 'अंगठीवर हुकमत कोणाची?' असे त्या वेळी कोणी विचारले असते तर 'ज्याच्या बोटात असेल त्याची' हेच उत्तर मिळाले असते.

प्रकाशकांनी पुढचा भाग मागितला, आणि डिसेंबर १९३७ मध्ये टोल्कीन लिहावयास बसले. जुन्या कथेला नवी जोडायची तर दोहोंना सांधणारा दुवा हवा होता. तो अंगठीत सापडला. त्यांचे पुत्र क्रिस्टोफर ह्यांनी वडिलांचे कच्चे खर्डे बारा खंडांत (१९८३–१९९६) संपादून प्रसिद्ध केले आहेत. ज्यांना ग्रंथनिर्मितीचा इतिहास पाहण्याची आवड आहे त्यांनी त्यातील सहावा खंड अवश्य चाळावा. प्रारंभीच्या एका टिपणात अंगठी सत्कार्यासाठी वापरली तर फारशी घातक नाही, असे लेखक स्वतःला बजावतो. मात्र ती आपली किंमत वसूल करते, आणि अखेर बाळगणाऱ्याने एकतर तिला तरी गमवावे नाहीतर स्वतःला तरी, अशी पुस्तीही जोडतो. ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्या वाक्यात मुलांची गोष्ट आहे. दुसऱ्यात पुढच्या महाग्रंथाचे बीज आहे. एकाच कागदावर लेखकाचे मन एका जगातून दुसऱ्यात पाऊल टाकताना दिसावे, असे योग वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच येतात.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा तीन भागांचा ग्रंथ १९५४ आणि १९५५ ह्या सालांत बाहेर पडला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे: साउरॉन ह्या अंधकाराच्या अधिपतीने इतर सर्व मुद्रिकांवर सत्ता चालविण्यासाठी एक मुद्रिका घडविली आणि आपल्या सामर्थ्याचा मोठा अंश तीत ओतला. युद्धात ती त्याच्या हातून गेली, हरवली, आणि शेवटी बिल्बोकडे आली. बिल्बोचा वारस फ्रोडो ह्याने ती शत्रूच्याच प्रदेशातील ज्वालामुखीत नेऊन टाकावी, असे ठरते. कारण ज्या अग्नीत ती घडली त्याखेरीज दुसऱ्या कशानेही ती नष्ट होत नाही.

अर्थात जुन्या कथेतला सभ्य गॉलम आता चालण्यासारखा नव्हता. टोल्कीन ह्यांनी ते प्रकरण नव्याने लिहून १९४७ साली प्रकाशकांकडे नमुना म्हणून धाडले आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापले गेले. पहिला पाठ त्यांनी पुसून मात्र टाकला नाही. तो बिल्बोने सांगितलेला खोटा वृत्तान्त होता, असे नव्या ग्रंथात दाखविले. अंगठीवर आपला हक्क निर्विवाद ठरावा म्हणून बिल्बोसारखा प्रामाणिक माणूस 'ती मला बक्षीस मिळाली' असे रचून सांगतो, आणि ह्या लहानशा असत्यावरूनच गॅन्डाल्फ ह्या वृद्ध मांत्रिकाला प्रथम संशय येतो. लेखकाच्या अडचणीतून कथेतला पुरावा निर्माण झाला! पाठभेदांचा इतका चतुर उपयोग आम्ही तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

ग्रंथ लिहिला जात असता महायुद्ध चालू होते. म्हणून अंगठी म्हणजे अणुबाँब असे अनेकांनी ठरवून टाकले. कालक्रम ह्या मताच्या विरुद्ध आहे. अंगठीचे खरे स्वरूप ज्या प्रकरणात उघड होते ते १९३९ चे संकट डोक्यावर येण्याच्या पुष्कळ आधी लिहिले होते, असे टोल्कीन ह्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. प्रत्यक्ष युद्धाबरहुकूम कथा रचली असती तर अंगठी नष्ट न करता शत्रूविरुद्ध वापरली गेली असती, असेही ते तेथे म्हणतात. युद्धाचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला नाही असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. मे १९४४ मध्ये, हवाईदलात असलेल्या क्रिस्टोफरला लिहिताना त्यांनी म्हटले आहे की, आपण साउरॉनला अंगठीच्याच जोरावर जिंकू पाहत आहोत, बहुधा जिंकूही, पण त्याचा दंड म्हणून नवे साउरॉन जन्माला येतील. जिंकणाऱ्या पक्षातील एका बापाने युद्ध ऐन भरात असता हे लिहावे, ह्याला धैर्य लागते. नऊ ऑगस्ट १९४५ च्या पत्रात अणुबाँबच्या वार्तेने आलेली उद्विग्नता आहे. आणि १९४७ साली प्रकाशकांना ते लिहितात की, रूपकच काढावयाचे तर सत्तेने सत्तेचा पाडाव करू पाहणाऱ्या सर्व प्रयत्नांच्या वाट्याला येणाऱ्या अटळ गतीचे काढावे.

ह्या पार्श्वभूमीवर ग्रंथातील पात्रे एकेक करून अंगठीसमोर उभी केली आहेत. कोणाला ती मोहात पाडते आणि कशाने, ह्याचा लेखकाने जो विचार केला आहे तो खरोखर सूक्ष्म आहे. इसिल्दुर राजाने ती शत्रूच्या हातून तोडून घेतली, पण पित्याच्या आणि भावाच्या मृत्यूची भरपाई म्हणून ठेवून घेतली. बोरोमीर ह्या शूर योद्ध्याला आपले नगर वाचवावयाचे आहे. त्याचाच भाऊ फारामीर, रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असे म्हणतो, आणि तसे वागून दाखवितो. सॅम हा माळी; क्षणभर त्याला साऱ्या ओसाड प्रदेशाची बाग करण्याचे स्वप्न पडते, पण धन्यावरची माया आणि जात्याच असलेले साधे शहाणपण त्याला सावरते. अंगठी प्रत्येकाला त्याच्या उत्तम इच्छेच्या वाटेने गाठते. गॅन्डाल्फ तर हे स्वतःच कबूल करतो: माझ्या मनात ती दयेच्या दाराने शिरेल, म्हणून मला ती देऊ नका.

वनातली राणी गॅलाड्रिएल हिच्यापुढे फ्रोडो आपण होऊन अंगठी ठेवतो, तो प्रसंग आम्हांस ग्रंथाचा मध्यबिंदू वाटतो. अंगठी नष्ट झाली की तिच्या स्वतःच्या मुद्रिकेचे बळ ओसरेल, तिने युगानुयुगे जपलेले वन कोमेजेल, हे ती जाणते. म्हणजे नकार देण्यात तिचे सर्वस्व जाणार आहे. दीर्घकाळ जिची अभिलाषा धरली ती वस्तू समोर असता ती हात मागे घेते. राहता राहिला टॉम बॉम्बाडिल. अंगठी घालूनही तो अदृश्य होत नाही. ती हातात घेऊन तो खेळतो आणि हसून परत करतो. तेव्हा सर्वांत योग्य धनी हाच, असे वाचकाला वाटू लागते. ज्ञात्यांच्या सभेत ही सूचना पुढे येतेही. पण गॅन्डाल्फ म्हणतो, त्याची अंगठीवर सत्ता आहे असे नव्हे, अंगठीची त्याच्यावर नाही. तिचे महत्त्वच त्याला कळणार नाही, आणि तो ती कोठे तरी टाकून विसरून जाईल. संपूर्ण निरिच्छ माणूस राखणदार म्हणून निरुपयोगी ठरतो, ही अडचण आमच्या परंपरेतील वैराग्याच्या चर्चेतही पुरेशी बोलली गेलेली नाही.

आपल्याकडील स्यमंतक मण्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. गणेशचतुर्थीला चंद्रदर्शन घडले तर जिचे श्रवण करावयाचे ती ही कथा घरोघर ठाऊक आहे. तथापि विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशातील तिचा शेवट फारसा सांगितला जात नाही. तो मणी रोज आठ भार सोने देई, पण अशुचि मनुष्याने बाळगला तर त्याचा घात करी. प्रसेन मारला गेला, सत्राजित मारला गेला, शतधन्वा मारला गेला. अखेर मणी अक्रूरापाशी सापडला, तेव्हा श्रीकृष्णाने भर सभेत सांगितले की, हा शुचिर्भूत ब्रह्मचाऱ्यानेच धारण करावा. सोळा सहस्र स्त्रियांचा पती असलेला मी त्यास योग्य नाही, आणि बलरामाने घ्यावयाचा तर त्याला मद्यादी भोग सोडावे लागतील. मणी अक्रूराकडेच राहिला. प्रत्यक्ष भगवंताने आपली अपात्रता जाहीर करावी, हे गॅलाड्रिएलच्या नकाराहून कमी उदात्त नव्हे. परंतु पुराणकाराला जगात निदान एक तरी योग्य धनी सापडतो, आणि त्याच्या हाती मणी राष्ट्राच्या कल्याणाला कारण होतो. टोल्कीन ह्यांच्या जगात अक्रूर नाही. फरकाचे कारण वस्तूत आहे. मणी सूर्याने दिलेला. अंगठी इतरांच्या इच्छा चिरडण्यासाठी मुद्दाम घडविलेली.

आता फ्रोडोकडे वळू. ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचल्यावर तो अंगठी टाकीत नाही. ती माझी आहे असे म्हणून बोटात घालतो. गॉलम त्याच्यावर झडप घालतो, अंगठीसह त्याचे बोट तोडतो आणि तोल जाऊन अग्नीत पडतो. जग वाचते ते असे. ज्या गॉलमला मारण्याची संधी बिल्बोने आणि फ्रोडोने दयेपोटी सोडली होती, त्याच्याकडूनच कार्य पुरे होते. फ्रोडोचे हे अपयश फार थोड्या वाचकांच्या लक्षात आले, असे टोल्कीन सांगतात. ज्यांच्या आले त्यांतील एकाने, ह्या द्रोह्याचा सत्कार कसला करता, त्याला देहान्त शिक्षा हवी होती, असे संतापून लिहिले! टोल्कीन ह्यांनी फ्रोडोचा पक्ष सोडला नाही. त्याच्यावर पडलेला भार कोणाच्याही शक्तीबाहेरचा होता. शेवटच्या कणापर्यंत झिजून तो त्या जागी पोहोचला, ह्यात त्याचे कर्तव्य पुरे झाले. शरीर मोडल्याबद्दल जसा आपण कोणाला दोष देत नाही तसा येथे मन मोडल्याबद्दल देता येत नाही. परीक्षेच्या निकालावरून माणसे जोखण्याची सवय जडलेल्या आम्हां शिक्षकांनी हा युक्तिवाद दोनदा वाचावा असा आहे.

सप्टेंबर १९६३ मध्ये एका वाचक बाईंच्या शंकेला उत्तर देण्यासाठी टोल्कीन ह्यांनी एका पत्राचे मसुदे केले. त्यांच्या निवडक पत्रांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ते वाचावयास मिळतात. गॉलम आलाच नसता तर? मग साउरॉनचे आठ सेवक येऊन फ्रोडोपुढे नम्र झाल्याचे सोंग करते, त्याला राजा म्हणते, गोड बोलून त्या अग्निकुंडापासून दूर नेते. तेवढ्यात साउरॉन स्वतः येता, आणि त्याच्यासमोर फ्रोडो क्षणभरही टिकता ना. मर्त्य मानवांत कोणीच टिकता ना. ॲरागॉर्नही नाही. एल्रॉण्ड किंवा गॅलाड्रिएल ह्यांनी अंगठी घेतली असती तर साउरॉनशी समोरासमोर झुंजण्याऐवजी त्यांनी त्याच्याच पद्धतीने साम्राज्य उभारले असते: आज्ञाधारक सेनापती, सैन्ये, युद्धयंत्रे. एकास एक अशा द्वंद्वात साउरॉनला हटवू शकेल असा एकटा गॅन्डाल्फ. कारण तो त्याच्याच कोटीतला जीव.

म्हणजे सव्वीस वर्षांनंतर प्रश्नाला उत्तर मिळाले. अंगठीवर हुकमत चालविणारा एकजण आहे, आणि तो ग्रंथातील सर्वांत शहाणा व दयाळू पुरुष आहे. वाचकाने सुटकेचा श्वास सोडावा तोच लेखक पुढे म्हणतो की, मुद्रिकेचा धनी झालेला गॅन्डाल्फ साउरॉनपेक्षा वाईट ठरला असता. तो सदाचारीच राहिला असता, पण आपल्या सदाचाराच्या जाणिवेने फुगून. प्रजेच्या भल्यासाठी, स्वतःच्या शहाणपणाप्रमाणे, त्याने सर्व व्यवस्था लावून दिली असती, आणि ते शहाणपण खरोखरच मोठे होते. मसुदा येथे तुटतो. समासात एक टीप आहे: साउरॉनने दुष्टपणा वाढविला तरी चांगले आणि वाईट वेगळे ओळखू येत राहिले; गॅन्डाल्फने चांगुलपणाच तिरस्करणीय करून सोडला असता.

ही समासातील टीप आमच्या मते साऱ्या ग्रंथाहून अधिक कठोर आहे. दुष्ट गुरुजींना मुले ओळखतात आणि त्यांच्यापासून स्वतःला सांभाळतात. पण 'तुझ्याच हितासाठी' म्हणून जो मुलाची प्रत्येक इच्छा मोडून काढतो, त्याच्यापासून सुटायचे कसे हे मुलाला कळत नाही, आणि पुढे 'हित' हा शब्द ऐकला तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. ह्यावरून टोल्कीन कोणत्याही शासनाच्या विरुद्ध होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या कथेत ॲरागॉर्न राजा होतो आणि चांगला राजा होतो; पण ज्या राज्यावर तो बसतो तेथील प्रजेची मने त्याच्या बोटात नसतात. अंगठीचा अधिकार नेमका तेवढा जादा होता.

पत्रातील आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. अंगठी नष्ट झाल्यानंतर फ्रोडो घरी परतला तो केवळ जखमांनी आणि दुःस्वप्नांनी पीडित होता असे नव्हे. ती गेली ह्याचा त्याला खेद वाटे, ती अजून हवीशी वाटे, असे टोल्कीन लिहितात. ग्रंथातही, ती नष्ट झाल्यानंतर वर्ष उलटावयाच्या आत, एका मार्चच्या दिवशी तो अंथरुणावर पडलेला आणि गळ्यातील पांढरे रत्न मुठीत घट्ट धरून बसलेला दिसतो. ती कायमची गेली, आता सारे रिते आहे, असे काहीसे तो पुटपुटतो. सॅम तेव्हा गावाला गेलेला असतो. त्याला ह्याचा पत्ता लागत नाही. पुढल्या वर्षाच्या शरदात फ्रोडो बंदरावर जातो आणि पश्चिमेकडे निघालेल्या जहाजात चढतो.